कोरडी गोदी

कल्पना करा, बाळांनो: समोर दोनशे वर्षांपूर्वीच्या आरमारी गोदीचा एकमेव उरलेला नकाशा, आणि त्यावर तुमच्या हातून चहा सांडलाय! एका चिमुरडीने हा पराक्रम केला. जुने कागद दुरुस्त करणाऱ्या तिच्या मावशीने न रागावता नकाशाच पाण्याच्या ट्रेमध्ये बुडवला. "अगं मावशी, सगळं पुसून जाईल!" पोरीचा जीव टांगणीला लागला. "तुझ्या वहीतली शाई नव्हे ही, शहाणे. तांब्याच्या पत्र्यावर कोरून तेलाच्या शाईने छापलाय. बघत राहा." चहा हळूहळू पाण्यात उतरला आणि एकेक रेघ उजळत गेली: धक्के, डोलकाठ्यांची कोठारं, मुंगीएवढे सुतार, मधोमध जहाजं बांधायची खोल गोदी. "बाई गं, केवढं हे!" ती पुटपुटली. मावशी टिपकागद आणायला वळली. तेवढ्यात पोरीने वहीचं पान फाडलं, बोटभर होडी केली आणि दोनशे वर्षं कोरड्या राहिलेल्या गोदीत श्वास रोखून सोडली.