गोडं पाणी

खारपाणपट्ट्यातल्या त्या गावात पहिली मोटार आली, ती पार्बताबाईच्या दारात. अकोल्याच्या मिस्त्रीनं बजावलं, "बाई, इथल्या विहिरीचं खारं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका. आतून गंज चढते, खाऊन टाकते." त्या दिवसापासून पावसाच्या पाण्याच्या हौदाला कुलूप बसलं अन् किल्ली बाईच्या कमरेला. घरच्यांनी विहिरीचंच प्यायचं.

"आत्याबाई, एक तांब्या गोडं पाणी देता काय?" सून शकुन एकदाच बोलली.

"कावून? तू मोटार हायेस काय?"

वैशाखात शकुनचं तोंड सुजलं, पाय सुजले, लघवी बंद झाली. तिला दवाखान्यात न्यायला बाईनं मोटार काढायला लावली. गाडी वाटेत उकळली तर पोरगी हातची जाईल, म्हणून हौदाच्या तळाचं पाणीसुद्धा खरवडून तिनं रेडिएटरमध्ये ओतवलं. अमरावतीपर्यंत मोटार कुठंच अडली नाही.

डॉक्टरांनी शकुनचे पाय दाबून पाहिले. "बाई, खाऱ्या पाण्यानं हिला आतून खाल्लंय. आता गोडंच पाणी पाजा, नाहीतर हातची जाईल."

बाईचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

घरातलं होतं नव्हतं तेवढं गोडं पाणी बाहेर मोटारीच्या पोटात होतं.