चार बोटं खाली

करंजा बंदरातल्या धर्मराजने आपली मासळीची पिकअप पनवेलच्या एका गॅरेजात उभी केली. "गाडी खाली बसवायची हाय. जमेल तेवढी."

मेस्त्री हसला. "काका, हा शौक पोरांचा. खड्ड्यात बूड घासेल, मालही कमी भरावा लागेल."

"कमी भरीन."

मेस्त्रीने आखूड स्प्रिंग मागवून पुढे बसवले, मागच्या कमानपाट्यांना ठोकळे लावले. पिकअप चांगली चार बोटं खाली आली. ती बंदरावर पोचली तेव्हा तर हशाच पिकला. "धर्मादादा, या वयात हिरो झाला काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धर्मराजने गाडी घराच्या दारात आणून लावली. त्याची बायको जनी इतकी वर्षं याच गाडीतून पनवेलच्या बाजारात मासळी विकायला जायची. पण गुडघे गेले आणि तिला पुढच्या सीटवर चढता येईना. चारचौघांत कुणी धरून चढवलेलं तिला आवडत नसे, म्हणून पावसाळ्यापासून ती घरीच बसून होती.

जनीने दार उघडलं, आत पाय ठेवला आणि कुणाचाही हात न धरता सीटवर जाऊन बसली. धर्मराजने गाडी सुरू केली, तोच ती दार उघडून खाली उतरली.

त्याने घाईने गाडी बंद केली. "काय गं, गुडघा दुखला? उतरलीस कशाला?"

जनी खळखळून हसली. "परत चढाला!"