रात्रीची मावशी

"हे लुगडं सोडा आणि ही साडी नेसा, जनीबाई. गोल नेसा. आणि डोक्यातला गजरा काढा."

नीताने निळी साडी पुढे केली. कोन गावातल्या त्या मतिमंद मुलांच्या होमचा सगळा कारभार नीताच्या हातात. मुलांचं करणाऱ्या मावश्या तिथे अशीच निळी साडी नेसत. जनी मावशी नव्हती. ती तिथल्या धर्मराजची आई. आठवड्याच्या भेटीला उरणहून आली होती.

"आमी कोळणी. पायात घोळणारं नेसायची सवय नाय आमाला," जनी म्हणाली. "आनि तुज्या म्याडमला मच्छीचा वास आला तर काय सांगशील? मावशी भांडी घासायला खाडीवर गेलती?"

"मस्करी नको हो. तपासणीच्या मॅडमची गाडी पळस्प्यापर्यंत आलीये. मागच्या वेळी मॅडम बजावून गेल्यात. रात्रीचं माणूस दिसलं नाही तर होम बंद आणि मुलांची पांगापांग. आमची रात्रीची मावशी नेमकी गावी गेलीये. एका दुपारचा तर प्रश्न आहे."

पांगापांग ऐकलं आणि जनीचं तोंड मिटलं. एरवी ते मिटायचं नाही. बाजारात तिच्याशी भाव करताना भलेभले चाचरायचे.

घरात ती आणि धर्मराज, दोघंच. मिशी फुटलेला, तिच्या दुप्पट खांद्यांचा पोर, पण अक्कल चार वर्षांची. ती पहाटे बंदरावर जायची आणि तो तिला शोधत मोठ्या रस्त्यावर. एकदा एक कंटेनर त्याच्या पुढ्यात येऊन कसाबसा थांबला. ड्रायव्हर खाली उतरून शिव्या देत होता. धर्मराज हसत होता. त्यानंतर तिने त्याला इथे आणलं. गावात कुणाला डोळ्यातलं पाणी दाखवलं नाही. "बंगल्यात ठेवलाय माज्या पोराला. दिवसरात्र बाया हायेत हाताखाली," असं बाजारात मच्छीच्या पाटीवर बसून तोऱ्यात सांगायची.

तिने साडी नेसली. गजरा पिशवीत टाकला.

"आये, तू निळी!" धर्मराजने टाळ्या पिटल्या.

"आज आये नाय म्हणायचं. मावशी म्हण. गंमत हाय."

"मावशी," तो म्हणाला. गंमत त्याला आवडायची.

मॅडम आल्या. वयाने कोवळ्या, पण नजर सुरीसारखी. त्यांनी तांदळाचा डबा उघडून पाहिला, न्हाणीत वास घेतला, गाद्या उलटल्या. नीता मागे मागे गोड बोलत फिरत होती. शेवटी सगळ्या धर्मराजच्या खोलीत आल्या.

"रात्री यांच्याजवळ कोण असतं?"

"मी हाय ना," जनीने ठणकावलं. "मी असल्यावर कोनाची काय बिशाद?"

मॅडमना हसू आलं. त्यांनी सहीसाठी पेन काढलं आणि सहज धर्मराजला विचारलं, "मावशी चांगल्या आहेत ना?"

धर्मराजने जोरात मान हलवली. मग म्हणाला, "रात्री मावशी नाय. रात्री कुलूप."

मॅडमचं पेन कागदावरच थांबलं.

"भायेरून कुलूप," त्याने बोटाने दार दाखवलं. "काशिराम रडतो. मी दार वाजवतो. कोन येत नाय."

शेजारच्या पलंगावर काशिराम गुडघ्यात डोकं घालून बसला होता. जनीने नीताकडे पाहिलं. नीता पंख्याकडे बघत होती. म्हणजे गावी गेलेली ती मावशी कधी नव्हतीच.

मॅडमनी पेन मिटलं. "मावशी, तुम्ही सांगा. तुम्ही म्हणाल ते मी खरं धरीन."

नीताच्या सात पिढ्यांना पुरतील एवढ्या शिव्या जनीच्या जिभेवर आल्या. मग तिला तो रस्ता दिसला. आज होम बंद झालं तर याला हाताला धरून न्यायचं कुठे? कुलपाआड का होईना, जिवंत तरी राहील.

"ह्याला काय कळतंय, म्याडम," जनी हसली. "डोक्यानं कमी हाय तो. टीव्हीत बगतो आनि बोलतो. रातीला मीच असते. ह्याच्या उशाशी."

धर्मराज तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग तोही हसला. अगदी खदखदून. जनीला वाटलं, बरं झालं, गंमतच समजला.

मॅडमनी सही केली. गाडी गेली.

"जनीबाई, तुमचे उपकार..."

"उपकार चुलीत घाल! पोरांना कोंडून ठेवते, रांडे?"

"माणूस टिकत नाही हो," नीता रडकुंडीला आली. "पगार ऐकला की बायका मॉलमध्ये जातात झाडू मारायला. शोधतेय मी. खरंच शोधतेय."

जनी आणखी काही बोलणार होती. पण बोलायचं कोणत्या तोंडाने? आणि सांगायचं कुणाला? ज्यांना सांगायचं त्यांना ती आत्ताच सांगून बसली होती.

तिने लुगडं नेसलं, पिशवी उचलली. फाटकाबाहेर मिनिडोर रिक्षावाला हॉर्न देत होता. येते म्हणून सांगायला ती खोलीत डोकावली.

खिडकीत अजून ऊन होतं. धर्मराज पलंगावर भिंतीला चिकटून आडवा झाला होता. अर्धा पलंग मोकळा ठेवला होता. त्या अर्ध्यावर त्याने आपली उशी ठेवली होती.

"काशिरामला सांगितलं, रडू नको," तो म्हणाला. "आज रातीला आये हाय."