नाथाजीचा शेवटचा शब्द

"काका, ऐकू येतंय का?"

"येतंय की!" लालासाहेब एवढ्या जोरात ओरडले, की बाहेर बाकावर बसलेली त्यांची बायको धोंडुबाई दारातून डोकावून गेली. "पंखाबी ऐकू येतोय गं. लय खडखडतोय."

अंकिता हसली. साताऱ्यात माजी सैनिकांचे कान तपासून मशीन बसवणाऱ्या केंद्रात ती दोन वर्षं काम करत होती, शिवाय बहिऱ्या पोरांना ओठ वाचायला शिकवायची. पण हा पेशंट म्हणजे घरचाच माणूस. तिचा बाप नाथाजी आणि हे लालासाहेब एका गावचे, एका तोफेवरचे. नाथाजी सरहद्दीवर तोफगोळ्याच्या स्फोटात गेला तेव्हा ती तीन वर्षांची होती. दोन महिन्यांनी लालासाहेब डोक्याला पट्टी बांधून गावी आले आणि तिच्या आईला, शालनला, दारातच सांगितलं, "स्फोटानंतर अर्धा तास जीव व्हता. माझ्या मांडीवर गेला. जाताना एवढंच म्हणला, माझ्या पोरीला शिकवा."

त्या एका वाक्यावर अंकिताचं सगळं आयुष्य उभं होतं. दहावीला चुलत्यानं स्थळ आणलं, तेव्हा शालन उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "तिच्या बापाचा शेवटचा शब्द हाय. मोडायचा तर आधी मला मोडा." चुलता गुमान निघून गेला. आता तर गावच्या शाळेच्या भिंतीवर ते वाक्य ऑइलपेंटनं लिहिलंय, वर नाथाजीचा फोटो.

आणि या काकांनी स्वतःच्या कानांचं काय केलं होतं म्हणाल, तर विचारू नका! एक मशीन इस्लामपूरच्या बाजारात टेबल टाकून बसलेल्या माणसाकडून. दुसरं शिरवळला कुठल्याशा शिबिरातून. एक सारखं शिट्टी मारायचं, दुसरं जन्माचं मुकं. 'आपल्या नाथाजीची पोरगी साताऱ्यात हेच काम करतीया, तिच्याकडं चला की' म्हणून धोंडुबाईनं दोन वर्षं डोकं फोडून घेतलं. गडी जागचा हलेना. शेवटी तिनंच त्यांना धरून एसटीत बसवलं आणि कपाटात होते नव्हते तेवढे कागद पिशवीत कोंबले.

"फॉर्म राहिलाय काका. कान कवापासनं गेले?"

"रिटायर झाल्यावर. म्हातारपण, दुसरं काय!"

उत्तर फारच पटकन आलं. अंकितानं पिशवीतले कागद काढले. तळाशी लष्करी रुग्णालयाचा, इंग्रजीतला, पिवळा पडलेला एक कागद होता. तोफगोळा जवळ फुटला. दोन्ही कानांचे पडदे फाटले. काहीही ऐकू येत नाही. खाली तारीख, एकोणीस ऑक्टोबर.

त्याच तारखेला दरवर्षी अंकिताच्या घरी नाथाजीच्या फोटोला हार घालतात. स्फोट तोच होता. अंकितानं तारीख पुन्हा वाचली.

"काका," ती म्हणाली. आवाज तिनं मुद्दाम चढवला नाही. "त्या दिवशी तुमाला कायबी ऐकू येत न्हवतं. मग माझ्या बापाचं कसं ऐकलंत?"

लालासाहेबांचा हात कानाकडे गेला. मशीन काढतील असं वाटलं. पण हात तिथंच थांबला.

"बाजारातली मानसं कान कवा गेले ते इचारत न्हाईत, पोरी. तू इचारनार, म्हणून तर यीत न्हवतो."

 मग ते खाली बघत बोलू लागले. "न्हाई ऐकलं. त्याचं डोकं मांडीवर, आन् व्हट हालत व्हते. मी म्हणलं, नाथा, मोठ्यानं बोल रं. पन मला माझंच ऐकू यीना. दोन म्हयन्यांनी जरा ऐकू याय लागलं, घरी आलो तर शालनवैनी दारात, तू तिच्या कडंवर. काय म्हणले वो जाताना, म्हणून इचारती. मी तुझ्याकडं बघितलं आन् तोंडातनं निघून गेलं."

"सव्वीस वर्सं झाली," ते म्हणाले. "जेवायला बसलो, उसाचा पाला काढाय गेलो, कुटंबी. ते तोंड म्होरं येतंय. हालतंय. आवाज न्हाई. बाजारच्या मशीननं तरी त्याला आवाज फुटंल, असंबी वाटायचं मला येड्याला."

अंकितानं फॉर्म बाजूला ठेवला.

"तू बहिऱ्यास्नी व्हट वाचाय शिकवतीस न्हवं? मग बघ. असं करत व्हता. तीनदा."

आणि त्यांनी करून दाखवलं. ओठ मिटले. मोठे उघडले. जीभ वर टेकली, ओठ फाकले. आवाज नाही. पुन्हा तसंच. पुन्हा. समोर काका राहिलेच नाहीत. भिंतीवरच्या फोटोतला बाप खुर्चीत येऊन बसला होता आणि तिच्याकडे बघून बोलत होता. 

तिला पहिल्याच वेळी कळलं होतं. लहान बहिऱ्या पोरांना ती सगळ्यात आधी शिकवते तोच शब्द.

"काय म्हनत व्हता गं नाथा?"

ती खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसली.

"तुमी सांगितलंत तेच, काका. पोरीला शिकवा."

लालासाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ते हुंदके देऊन रडले. "व्हय? खरंच व्हय?" एवढंच परत परत विचारत राहिले. ती दर वेळी व्हय म्हणाली. मग धोंडुबाई आत आली, त्यांना धरून बाहेर घेऊन गेली.

अंकितानं फॉर्मवर कान गेल्याची खरी तारीख लिहिली. आईचा फोन दोनदा वाजून गेला, तिनं उचलला नाही. काय सांगणार होती ती आईला? तिचा बाप तीनदा पाणी मागून गेला होता.