आधी चहा

नवराबायकोचं भांडण वकीलसाहेब कोर्टापर्यंत जाऊच द्यायचे नाहीत. दोघांना एकाच बाकावर बसवायचं आणि चहा संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. कितीतरी संसार त्या बाकानं सावरले. गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. लेक सासरहून निघून आली, तेव्हा तिलाही मागोमाग आलेल्या जावयाशेजारी तिथंच बसवलं. भर उन्हाळ्यात तिनं गळ्याभोवती ओढणी गच्च गुंडाळली होती. “बाबा, मला तुमच्याशी एकटीनं बोलायचंय.” “आधी चहा,” ते हसून म्हणाले. चहा पिऊन ती निमूट परत गेली. महिनाभरात तिचं प्रेतच आलं. आज पुन्हा एक जोडपं दारात उभं राहिलं. वकीलसाहेबांनी नवऱ्याला बाहेर थांबवलं, बायकोला स्वतःची खुर्ची दिली. “बोल, पोरी.” आतून पत्नी चहा घेऊन आली. “नंतर,” ते म्हणाले. पत्नीनं कप रिकाम्या बाकावर ठेवले. “आपल्या पोरीनं एवढंच मागितलं होतं हो.”