दाद देण्याचा नियम
आमच्या अंबरनाथ-बदलापूरच्या कवींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नियम आहे: आपली कविता टाकायच्या आधी दुसऱ्यांच्या दोन कवितांना दाद द्यायची. त्यामुळे माझ्या कवितांखालच्या ‘व्वा’, ‘अप्रतिम’चा मला संशय यायला लागला. मुळात वाचतं कोण? वांगणीच्या प्रतिभाताई तर दाद सोडा, साधी इमोजीसुद्धा टाकत नाहीत. त्या माझ्यावर जळतात, हे मी केव्हाच ठरवून टाकलं होतं. आज सकाळी म्हटलं, पकडूच एकेकाला. बायको स्वयंपाकघरातून काहीबाही बोलत होती, तेच ओळी तोडून कविता म्हणून टाकलं: ‘जिना चढले की दम लागतो / अंगठी निघत नाही बोटातून / चपला पायात शिरत नाहीत / तुमचं लक्ष कुठंय?’ लगेच दाद सुरू झाली. ग्रुपमधल्या समर्थने लिहिलं, ‘एक नंबर, सर!’ आणखी कुणी लिहिलं, ‘शेवटची ओळ काळजात घुसली.’ मी एकटाच हसत बसलो. सगळे चोर सापडले! तेवढ्यात प्रतिभाताईंचा पहिल्यांदाच मेसेज आला, तोही ग्रुपवर नाही, मला एकट्याला. आता ही बाई काय खोट काढते बघू, म्हणून उघडला. ‘दादा, ही कविता नाही. वहिनी बोलल्यात ना? अंगावर सूज कधीपासून आहे?’ मी बायकोला हाक मारली. स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं, तर ती नव्हती. दाराशी तिच्या चपला तशाच पडल्या होत्या. दूध आणायला ती माझ्या घालून गेली होती.