कणगीतला ट्रान्झिस्टर

रेडिओचं मागचं झाकण उघडलं आणि गोरक्षनाथ मिस्त्रीच्या मांडीवर मूठभर राख सांडली. राखेबरोबर लिंबाचा वाळका पालाही पडला.

"मावशी, रेडिओ आणलाय का चूल?"

समोरच्या बाकड्यावर पुणतांब्याची बायडाबाई बसली होती. कपाळ मोकळं, मांडीवर रिकामी पिशवी. ती काही हसली नाही.

"कनगीत ठिवला व्हता. हुलग्याला कीड लागू नये म्हनून राख घालत्यात, तशी ह्यालाबी घातली."

गोरक्षनाथनं कपाळावर हात मारून घेतला. कोपरगावच्या स्टँडसमोर त्याचं दुकान. झुरळांनी घर केलेला रेडिओ त्यानं पाहिला होता, विहिरीत पडलेला पाहिला होता, बैलानं तुडवलेलाही पाहिला होता. बियाण्यासारखा राखेत पुरलेला मात्र आजच बघत होता. वरून एक ओरखडा नाही आणि आत सगळा सत्यानाश. सेल फुटून त्यांचं पाणी बोर्डावर पसरलेलं. राखेनं ओल धरलेली. तांब्याच्या बारीक रेघांवर हिरवा थर चढला होता.

"कधी घातले हे सेल?"

"तीन वरसं झाली. छबूच्या बानं घातले. रेडू आनला त्याच दिशी."

"आणि वाजवला किती?"

"एक सांज." बायडाबाईनं पदर सारखा केला. "मंग आठ दिसांत तापानं गेले ते. म्या बंद करून ठिवला. वाजवला असता तर त्यांच्या हातचे सेल संपले असते ना."

मिस्त्रीचा पारा चढला. "अहो, रोज वाजवला असता तर पंधरा वर्षं मेला नसता हा! बोर्डाला धूळ खाते, ओल खाते, पण सगळ्यात जास्त खातं ते असलं जपून ठेवणं. एवढा ठेवला तरी कशाला?"

"घर रिकामं झाल्यावर लावू म्हनलं." ती खाली बघून बोलत होती. "गेल्या सोमवारी छबू सासरी नांदाया गेली. आता घरात बोलाया कुनी न्हाई. भांडं पडलं तर मीच दचकते, मीच उचलते."

गोरक्षनाथला आपल्याच बोलण्याची लाज वाटली. त्यानं फळीवरचा एक चालू रेडिओ काढून पुढं ठेवला. "मावशी, तोवर हा घेऊन जा. गाणी लागतात, बातम्या लागतात. भरपूर बोलतो."

"नगं. आमचाच वाजवा. त्या सांजंला वाजला तसा."

त्यानं स्पिरिटनं बोर्ड पुसून काढला. रेघा जिथं जिथं खाल्ल्या गेल्या होत्या, तिथं केसासारख्या तारा ठेवून कथिलाचे डाग दिले. पुणतांब्याच्या दोन यष्ट्या निघून गेल्या, पण बायडाबाई बाकड्यावरून हलली नाही. जुने सेल मात्र तिनं मागून घेतले आणि पदराच्या टोकाला बांधले.

"मिस्तरी, माझ्याइतका तरी टिकंल का वं?"

"वाजवत राहा. नातवंडांना पुरेल."

नवे सेल घालून त्यानं रेडिओ चालू केला. मीडियम-शॉर्टचा पट्टा बदलायची कळ भलतीकडंच होती, ती सरकवली. काटा जरा फिरवला आणि एक बाई खणखणीत गाऊ लागली. स्टँडवरचे हमालसुद्धा माना वळवून बघायला लागले. मेलेल्या बोर्डात जीव घातला होता त्यानं, छाती फुगणारच! त्यानं मोठ्या ऐटीत बायडाबाईकडं पाहिलं. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"ह्यो न्हाई त्यो आवाज," ती म्हणाली. "ह्यो कुनाचा तरी दुसऱ्याचाच हाय."

"अहो मावशी, स्टेशन आहे ते! याच्याहून स्वच्छ कुठं लागतं का?"

"ती कळ व्हती तिथं सारा."

"तिथं काही लागत नाही. नुसती खरखर."

"सारा तर खरं."

गोरक्षनाथनं वैतागून कळ होती तिथं सारली. गाणं तुटलं. ओलं लाकूड चुलीत चरचरावं तशी खरखर दुकानभर पसरली. तो रेडिओ बंद करणार, तेवढ्यात बायडाबाईनं तो उचलून कानाशी धरला आणि डोळे मिटले.

"हांऽ, ह्योच," ती म्हणाली. "सारी सांज छबूचे बा कान पिळत बसले व्हते त्याचा. टेशन काय गावलं न्हाई. लई हसलो आमी दोघं."